पुतळ्याच्या पलीकडचे खटकड कलां

भगतसिंगांचा जन्म खटकड कलांमध्ये झालेला नाही. सप्टेंबर १९०७ मध्ये ते जन्मले ते आजच्या पाकिस्तानातल्या फैसलाबाद जिल्ह्यात, जडांवाला तहसिलीतल्या एका खेड्यात. लोक त्या खेड्याला बंगा म्हणत. सरकारी दप्तरात त्याची नोंद चक नंबर १०५ जी.बी. एवढीच. प्राथमिक शाळा तिथे, पुढचे शिक्षण लाहोरला, राजकारण लाहोर, कानपूर, आग्रा आणि दिल्लीत. २३ मार्च १९३१ रोजी फाशी लाहोरच्या तुरुंगात, आणि राजगुरू-सुखदेवांसह दहन फिरोजपूरजवळ हुसैनीवाल्याला, सतलजच्या काठी. या मुक्कामांच्या यादीत खटकड कलांचे नाव नाही. तरीही भारतातल्या पंजाबात फगवाड्याहून बंगामार्गे (हे बंगा निराळे) नवांशहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर या गावापाशी शाळा-कॉलेजांच्या बसगाड्या थांबतात. २००८ पासून जिल्ह्याचेच नाव शहीद भगतसिंग नगर झाले आहे. १६ मार्च २०२२ रोजी भगवंत मान यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ चंदीगडच्या राजभवनात न घेता इथे येऊन घेतली.

खटकड कलां हे भगतसिंगांच्या वाडवडिलांचे गाव आहे, हे याचे सरळ उत्तर. सहलीला आलेल्या मुलांना तेच सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या उत्तराच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. घर, शेत, भाऊबंद सतलज-बियासच्या मधल्या दोआबात असताना हे कुटुंब अडीचशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला, एका क्रमांकाच्या गावात काय करत होते? यंदाच्या अंकाचे सूत्र ‘गाव पाहताना’ असे आहे. ऐतिहासिक गाव पाहायचे म्हणजे काय पाहायचे, हे ठरवायला हा एक प्रश्न पुरेसा आहे. माझे म्हणणे असे की अशा गावाची क्षेत्रभेट जमिनीपासून आणि पाण्यापासून सुरू व्हायला हवी, आणि स्मारकापाशी शेवटी यावे. तसे केले तर गाव कळतेच, आणि ज्याच्या नावाने आपण तिथे जातो तो माणूसही जास्त कळतो.

काचेआडचे एक पान

आज भेटीचा क्रम ठरलेला असतो. बस हमरस्त्यावर स्मारकापाशी उभी राहते. पुतळ्यासमोर गटाचे छायाचित्र होते, मग संग्रहालय, मग गावातले वडिलोपार्जित घर. घर विटांचे, अंगणाभोवती खोल्या, आत बाजा, भांडी, लाकडी सामान नीट जपून ठेवलेले. स्वातंत्र्यानंतर भगतसिंगांच्या आई विद्यावती यांचे वास्तव्य इथे होते. १९७५ मध्ये त्या वारल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन हुसैनीवाल्याला, मुलाच्या समाधीजवळ झाले. मुले खोल्यांतून वाकून पाहतात आणि बसकडे परततात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. एका दिवसात जालियनवाला बाग, सुवर्णमंदिर आणि हे गाव बसवायचे असेल तर दुसरे काही होणेच शक्य नसते.

फाशीला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८१ मध्ये, उघडलेल्या संग्रहालयाच्या ठेव्यात हुसैनीवाल्याची रक्ताने भिजलेली वाळू आणि अस्थी ज्यात गुंडाळल्या होत्या ते वर्तमानपत्र आहे. नजर तिथे खिळणे स्वाभाविक आहे. याच ठेव्यात एक छापील पान आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी थांबत नाही. पहिल्या लाहोर कटाच्या खटल्याच्या निकालपत्राचे ते पान. त्यावर भगतसिंगांनी स्वतःच्या हाताने टिपणे केलेली आहेत. हा खटला त्यांचा नव्हे. तो १९१५ चा, अमेरिकेत उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या उठावाचा. त्यात शिक्षा झालेले कर्तारसिंग सराभा फाशी गेले तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते आणि भगतसिंग ८ वर्षांचे.

या पानाशी मराठी वाचकाचे नाते आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला सराभांबरोबर जे सहा जण फासावर गेले त्यांत विष्णू गणेश पिंगळे होते, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला हा तरुण गदरच्या कामात पडला, परत येऊन लष्करी छावण्यांत उठावाची तयारी करू लागला आणि मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला. राजगुरूंमुळे खेडचे राजगुरूनगर झाले आणि पंजाबशी असलेले ते नाते आपल्याला पाठ आहे. पिंगळ्यांचे नाव त्यांच्या जिल्ह्यातही सहज निघत नाही. महाराष्ट्रातून इतक्या लांब जाणाऱ्या गटाने या पानासमोर निदान दहा मिनिटे थांबावे. एक पिढी आधीच्या पिढीचा निकाल हातात घेऊन, वाचून, समासात नोंदी करत राजकारण शिकली, याचा तो पुरावा आहे. आणि गदरची पोरे अमेरिकेत पोचली कशी, हा प्रश्न पुन्हा आपल्याला दोआबाच्या शेतात आणून सोडतो.

जी.बी. म्हणजे गुगेरा शाखा

दोआबाची जमीन सुपीक, पाणी वर, विहिरी भरपूर. महसुली कागदांत विहिरीवर भिजणाऱ्या जमिनीला ‘चाही’ म्हणतात, आणि जुन्या जालंधर जिल्ह्याची शेती बव्हंशी रहाटाच्या माळांवर उभी होती. याचाच परिणाम असा की माणसे दाट झाली. प्रत्येक पिढीत मुलांमध्ये सारखी वाटणी, म्हणजे प्रत्येक पिढीत शेताचे तुकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोख सारा, सावकार आणि गहाणखते यांची भर पडली. जमीन चांगली होती, पण पुरत नव्हती. दोआबातला जाट शेतकरी फौजेत गेला, ब्रह्मदेशात गेला, पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कॅलिफोर्निया इथवर पोचला, तो या हिशेबापायी.

दुसरी वाट सरकारने उघडली. चिनाबच्या पाण्यावर बारमाही कालवा १८९२ मध्ये सुरू झाला आणि रावी-चिनाबमधल्या माळरानावर, जिथे गुरे चारणाऱ्या टोळ्या राहत, सरकारने वसाहत आखली. चिनाब कॉलनी हे तिचे नाव, लायलपूर हे तिचे शहर. जमीन अक्षरशः फूटपट्टीने कापली. ११०० फूट बाजूचा चौरस म्हणजे एक मुरब्बा, साधारण २८ एकर. त्याचे २५ सारखे भाग म्हणजे किल्ले. प्रत्येक चौरसाला पाण्याचा मार्ग ठरलेला. गावांना (त्यांना चक म्हणत) नावांऐवजी क्रमांक, आणि क्रमांकापुढे कालव्याच्या शाखेची अक्षरे. जी.बी. म्हणजे गुगेरा शाखा, आर.बी. म्हणजे रख शाखा, जे.बी. म्हणजे झंग शाखा. भगतसिंगांच्या जन्मगावाचा पत्ता हा पाण्याचा पत्ता आहे. अमृतसर, जालंधर, होशियारपूर, गुरदासपूर अशा दाटीच्या जिल्ह्यांतून सरकारने शेतकरी निवडून तिथे नेले. खटकड कलांचे अर्जनसिंग, भगतसिंगांचे आजोबा, आर्य समाजाचे कट्टर अनुयायी, त्या लोंढ्यात गेले. खटकड कलांच्या शेजारी बंगा हे गाव आजही आहे; १०५ नंबरच्या चकालाही बंगाच म्हटले जाई. वसाहतीत गेलेल्यांनी मागे राहिलेल्या गावांची नावे क्रमांकावर चढवली, हे तिकडे सर्रास दिसते.

क्षेत्रभेटीला आलेल्या मुलांनी हे सगळे ऐकायचे कशाला, तर त्यांच्या डोळ्यांसमोर दोन नकाशे यावेत म्हणून. गावाचा शेतनकाशा पंजाबात कापडावर काढलेला असतो, त्याला लठ्ठा म्हणतात. जुन्या दोआबी गावाचा नकाशा म्हणजे वाटण्यांनी वेडेवाकडे झालेले तुकडे, मध्ये विहिरी, वळणावळणाच्या पायवाटा. चकाचा नकाशा म्हणजे चौकटी. एका नकाशात भाऊबंदांच्या अनेक पिढ्या दिसतात, दुसऱ्यात सरकार दिसते.

१९०७

त्या चौकटींना अटी होत्या. मुरब्बा मिळाला म्हणजे मालकी मिळाली असे नव्हते. गावात राहिले पाहिजे, नेमल्या जागी घर बांधले पाहिजे, स्वच्छतेचे आणि झाडांचे नियम पाळले पाहिजेत. चुकले की दंड, आणि दंड करणारा कनिष्ठ अधिकारी लाच खाणारा. १९०६ मध्ये सरकारने या अटी आणखी आवळणारे विधेयक आणले. मृत्युपत्राने जमीन देण्यावर बंधन, वारसा थोरल्या मुलाकडे, थेट वारस नसेल तर जमीन सरकारजमा, आणि या सगळ्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट बंद. त्याच सुमारास बारी दोआब कालव्याच्या पाणीपट्टीत वाढ झाली. जवळपास पंधरा वर्षे राबून ज्यांनी रानाचे शेत केले त्यांना कळले की आपण मालक नसून कुळे आहोत.

लायलपूरच्या सभांमध्ये ही चीड बाहेर पडली. बांके दयाळ यांनी तिथे म्हटलेल्या ‘पगडी संभाल जट्टा’ या गीतावरून चळवळीलाच ते नाव पडले. तिचे सर्वांत जहाल वक्ते अजितसिंग, म्हणजे भगतसिंगांचे चुलते. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि त्यानंतर अजितसिंग यांना विनाचौकशी मंडालेला पाठवण्यात आले. एक वर्षाने लोकमान्य टिळकही त्याच मंडालेला गेले. त्यांच्या आधीचे हे दोघे तिथे शेताच्या प्रश्नावरून पोचले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. फौजेत पंजाबी शिपायांचा भरणा मोठा, आणि शिपायांची घरे याच वसाहतींत. हे ध्यानात घेऊन व्हाइसरॉय मिंटो यांनी मे १९०७ मध्येच विधेयकाला संमती नाकारली. शेतकरी जिंकले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चक १०५ मध्ये किशनसिंगांच्या घरी मुलगा झाला. अजितसिंग पुढे १९०९ मध्ये देशाबाहेर पडले ते ३८ वर्षांनी परतले, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी डलहौसीला वारले. धाकटे चुलते स्वर्णसिंग त्याआधीच, १९१० मध्ये, तरुण वयात गेले.

पिस्तुलाचे रोप लावणाऱ्या बाळाची गोष्ट सहलीत हमखास सांगितली जाते. ती गोड आहे, पण मुलाच्या मनात बंड कुठून आले हे ती सांगत नाही. ज्या घरात पाणीपट्टी, मुरब्ब्याची अट, अटक आणि हद्दपारी हे जेवताना बोलायचे विषय होते, तिथे सरकार म्हणजे काय हे कोणी वेगळे शिकवावे लागत नसणार.

यावर काय म्हणता येईल

पहिला आक्षेप प्रेरणेचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हुतात्म्याच्या घरी न्यायचे ते मन भरून यावे म्हणून. तिथे जमाबंदी, म्हणजे जमीनहक्काची नोंद, आणि किल्लेबंदी काढली तर भेटीचा आत्माच जाईल. हा आक्षेप मला मनापासून कळतो. उंबऱ्यावर डोके टेकवणारे मूल काही चुकीचे करत नाही. पण भगतसिंगांनी तरुणांकडून काय मागितले होते हे पाहायला हवे. फाशीच्या काही आठवडे आधी, २ फेब्रुवारी १९३१ रोजी, तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात त्यांचा रोख स्पष्ट आहे: क्रांतीचे खरे बळ गावांत आणि कारखान्यांत आहे, शेतकरी आणि कामगारांत आहे, तिकडे जा. त्यांच्याच गावात जाऊन गाव न पाहता परतणे हे त्यांच्या शब्दाला धरून नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. जमिनीवरून सगळे उलगडते म्हटले तर माणूस उरतो कुठे? मुरब्बे हजारो कुटुंबांना मिळाले, त्या प्रत्येक घरातून भगतसिंग निघाले नाहीत. हे मान्यच करायला हवे. तुरुंगातल्या वहीत त्यांनी उतरून घेतलेले उतारे, १९३० मध्ये लिहिलेला नास्तिकतेवरचा निबंध, आर्यसमाजी आजोबांच्या नातवाने ईश्वर नाकारणे, यांतले काही कालव्यातून आलेले नाही. जमीन उत्तर देत नाही, ती प्रश्न कोणता होता ते दाखवते. त्या प्रश्नाला घरातल्या तीन भावांनी आपापले उत्तर दिले, आणि पुढच्या पिढीतल्या एकाने त्या तिघांच्याही पुढे जाऊन दिले. प्रश्नच माहीत नसेल तर त्या उत्तराची उंची मुलांना कळणार कशी?

तिसरे म्हणणे व्यवहाराचे. आजच्या गावात जुने काय उरले आहे? दोआबात फिरताना कॅनडा-इंग्लंडच्या पैशांतून उठलेल्या कोठ्या दिसतात, काहींच्या गच्चीवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या, आणि अनेकांच्या फाटकाला कुलूप. रहाट गेले, कूपनलिका आल्या. मग मुलांनी काय पाहायचे? माझ्या मते नेमके हेच. कुलूपबंद कोठी हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच हिशेबाचा पुढचा आकडा आहे. जमीन पुरत नाही म्हणून एक भाऊ चिनाबकडे गेला, दुसरा व्हँकूवरकडे. सॅन फ्रान्सिस्कोत १९१३ मध्ये गदर सुरू झाले ते अशाच मजुरांच्या वर्गणीवर. बंगाच्या बाजारातल्या व्हिसा आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या पाट्या पाहून मुले हसतात. त्या पाट्यांचा संबंध संग्रहालयातल्या निकालपत्राच्या पानाशी जोडून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतच्या प्रवासात मृदा, पीक, पाऊस, घरांची ठेवण कशी नोंदवायची, प्रश्नावली कशी करायची हे तो पाठ शिकवतो. इतिहासाच्या सहलीला मात्र आपण ती वही घरी ठेवून निघतो. आता पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. ते छायाचित्रांच्या फायलीवर द्यायचे की नोंदींवर, हे कॉलेजांनी अजून ठरवायचे आहे.

परतलेल्यांचा एकर

१९४७ मध्ये चौकटींचा नकाशा सीमेपलीकडे गेला आणि माणसे अलीकडे आली. पूर्व पंजाबात मुसलमान शेतकऱ्यांनी सोडलेली जमीन पश्चिमेत हिंदू-शिखांनी सोडलेल्या जमिनीपेक्षा कमी होती आणि कालव्याचे पाणीही तिला तितके नव्हते. पुनर्वसनाच्या अधिकाऱ्यांनी, त्यांत तरलोकसिंग आणि नंतर म. सिं. रंधावा प्रमुख, प्रमाण एकराची युक्ती काढली: एकर क्षेत्रावर न मोजता तो किती गहू पिकवतो यावर मोजायचा. मग टप्प्याटप्प्याने कपात. पहिल्या दहा प्रमाण एकरांवर पाव हिस्सा, आणि जितकी जमीन मोठी तितकी कपात जास्त. दाव्यांची तपासणी गावकऱ्यांच्या सभेत होई. एकाच चकातून आलेल्यांना समोर बसवून, कुणाचा मुरब्बा कुठे होता हे शेजाऱ्याच्या तोंडून वदवून घेत, आणि पाकिस्तानातून आणलेल्या जमाबंदीशी ताडून पाहत. वसाहतीत गेलेल्यांना शक्यतो त्यांच्या मूळ जिल्ह्यात जमीन द्यायची, असे धोरण होते. म्हणून जालंधर-होशियारपूरच्या अनेक गावांत ‘लायलपूरवाले’ ही ओळख टिकली. जिथून दाटीमुळे निघाले तिथेच ती कुटुंबे दोन पिढ्यांनी परत आली.

पटवारी म्हणजे आपला तलाठी. त्याच्याकडचा शजरा नसब, म्हणजे जमीनधारकांची वंशावळ, आणि फर्द केंद्रातून, म्हणजे जमिनीच्या नोंदी देणाऱ्या सरकारी केंद्रातून, मिळणारा जमाबंदीचा उतारा समोर ठेवून एखाद्या वडीलधाऱ्या सरदारजींशी तासभर बोलता आले तर जाणे-येणे-परत जाणे हा सगळा खेळ मुलांना नावानिशी दिसेल.

ज्यांना मुरब्बा मिळाला नाही

त्या वंशावळीत गावातली सगळी घरे सापडत नाहीत, आणि भेट इथवर आणल्यावर इथे थांबता येणार नाही. १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्याने शेतजमीन विकत घेण्याचा हक्क ‘शेतकरी जमाती’ म्हणून यादीत असलेल्यांपुरता ठेवला. सावकाराला रोखण्यासाठी केलेल्या या कायद्याने दलितांचीही वाट अडवली, कारण ते त्या यादीत नव्हते. राबत होते ते शेतातच. वसाहतीतले मुरब्बेही बहुतेक आधीच्या जमीनधारकांना मिळाले. पंजाबात अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ३२ टक्के, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहीद भगतसिंग नगर जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्याही वर आहे. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालचे मंगूराम याच भागातून अमेरिकेला गेले, गदरमध्ये सामील झाले, परतल्यावर इंग्रजांप्रमाणेच गावातले वरचे लोकही आपल्याला बरोबरीने वागवत नाहीत हे पाहून १९२६ मध्ये त्यांनी दलितांची आद-धर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या शिरगणतीत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म आद-धर्म असा नोंदवला. भगतसिंगांना हा प्रश्न दिसत होता. १९२८ मध्ये ‘किरती’ मासिकात त्यांनी ‘विद्रोही’ या टोपणनावाने अस्पृश्यतेवर लेख लिहिला, आणि त्यात दलितांनी स्वतः संघटित होण्यावर भर दिला.

म्हणून क्षेत्रभेटीचा शेवटचा टप्पा गावाच्या दुसऱ्या वस्तीत, तिथल्या गुरू रविदासांच्या गुरुद्वारात असावा, आणि तिथे विचारायचा प्रश्न शामलातीचा, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीचा. पंजाबच्या १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार लागवडीखालच्या शामलातीचा तिसरा हिस्सा अनुसूचित जातींच्या माणसांनाच वर्षाच्या खंडाने द्यायचा असतो. पंजाबातल्याच माळवा भागात, विशेषतः संगरूरकडे, गेली काही वर्षे यावरून संघर्ष झाले आहेत, कारण बोली दलिताच्या नावाने लागते आणि पैसा व नांगर दुसऱ्याचा असतो. दोआबातल्या कोणत्या गावात काय घडते हे तिथे जाऊनच कळेल. सहल २३ मार्चच्या गर्दीत न नेता गव्हाची कापणी उरकल्यावर नेली, तर खंडाच्या लिलावांचा मोसमही गाठता येतो. बोली गावात उघड लागते. ती पाहायला आणि कोण कोणासाठी बोलतो आहे हे वहीत टिपायला विद्यार्थ्यांना कोणी अडवत नाही.